लिनक्समध्ये कोणती मेमरी खरोखर वापरात आहे, हे कसे तपासावे

फोंड्यातील एखाद्या दुकानाचा 8 जीबी मेमरीचा बिलिंग सर्व्हर गर्दीच्या वेळी अडखळू लागला, की नवी मेमरी विकत घेण्याआधी असलेली किती वापरात आहे, हे पाहून घ्यावे. ‘फ्री’ हा आदेश मेमरी किती व्यापली आहे एवढेच सांगतो. तिला शेवटचा हात कधी लागला, हे लिनक्स कर्नलमधील, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातील, ‘डॅमॉन’ ही सोय सांगते.

प्रथम कर्नलची आवृत्ती तपासावी. डॅमॉन 2021 मध्ये 5.15 आवृत्तीत आले, मात्र प्रत्येक कर्नलमध्ये ते समाविष्ट असतेच असे नाही. म्हणून बूट फोल्डरमधील कॉन्फिग फाइलीत त्याचे नाव शोधावे. मग पायथनच्या पिपने (साधने बसवणाऱ्या आदेशाने) डॅमॉन चालवणारे ‘डॅमो’ हे साधन बसवावे आणि रूट, म्हणजे सर्वोच्च, अधिकाराने, बिलिंगच्या प्रोसेसचा क्रमांक देऊन, ‘डॅमो रेकॉर्ड’ चालवावे.

येथे थोडे थांबून आकडे कसे निघतात ते समजून घ्यावे. कर्नल मेमरी ‘पान’ नावाच्या छोट्या तुकड्यांत मोजते. 4 केबीचे एक पान धरले, तर 8 जीबीत सुमारे 21 लाख पाने होतात आणि ती सारी तपासणे म्हणजे भाटातल्या (नारळबागेतल्या) प्रत्येक माडावर नारळ काढणारा पाडेली चढवणे. डॅमॉन त्याऐवजी मेमरीचे पट्टे पाडते, दर 5 मिलिसेकंदांनी प्रत्येक पट्ट्यातले एकच पान पाहते आणि त्याला मधल्या काळात हात लागला असल्यास पट्ट्याच्या खात्यात एक मांडते. 100 मिलिसेकंदांनी हिशेब होतो, म्हणजे आकडा 20 पलीकडे जात नाही. मग सारख्या आकड्यांचे शेजारी पट्टे जोडले जातात आणि पुन्हा कुठेतरी फोडले जातात. फरक दिसला तरच तुकडे वेगळे राहतात. पट्ट्यांची मूळ मर्यादा 10 ते 1000 असल्याने मेमरी वाढली तरी तपासणीचा भार वाढत नाही, आणि मला तरी यातली खरी हुशारी हीच वाटते.

नोंद कामाच्या वेळेतच घ्यावी. दुपारी दुकान बंद असताना घेतली, तर जवळजवळ सगळी मेमरी थंड, म्हणजे न वापरलेली, दिसेल. ‘डॅमो रिपोर्ट’मध्ये वापरासोबत पट्ट्याचे वयही, म्हणजे त्याचा वापर किती वेळ बदललेला नाही तेही, पाहावे: वापर शून्य आणि वय दहा सेकंद याला फारसा अर्थ नाही, वय तासाभराचे असेल तर आहे.

थंड पट्टे आपोआप स्वॅपमध्ये (डिस्कवरील राखीव जागेत) टाकणारी ‘डॅमॉन रिक्लेम’ ही सोय 5.16 पासून आहे, पण ती दोन मिनिटे न वापरलेला पट्टा थंड मानते. पावसाळ्यात गिऱ्हाईक नसलेली दोन मिनिटे सहज जातात, तेव्हा ही मुदत वाढवूनच ती चालू करावी.