कोणती ईव्ही कंपनी खरंच नवं घडवते? वादाआधी हे तपासा
बडोद्यात दांडिया बाजारच्या कट्ट्यावर अमेरिकेची टेस्ला की चीनची बीवायडी असा वाद पेटला, तर आधी विचारा: बॅटरीतले सेल, मोटर, इन्व्हर्टर (बॅटरीची वीज मोटरला चालेल अशी बदलणारा भाग) आणि बॅटरी सांभाळणारं सॉफ्टवेअर, यांतलं कंपनीनं स्वतः काय घडवलं? मोठा स्क्रीन आणि सनरूफ यात धरूच नका. बीवायडीची २०२० ची ब्लेड बॅटरी इथे भक्कम ठरते. लांब, चपटे एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) सेल थेट बॅटरीच्या पॅकमध्ये बसवल्यानं मधली मोड्यूल (सेलचे छोटे गठ्ठे) गेली, जागा वाचली. टेस्लानं मॉडेल वाय या गाडीचा मागचा सांगाडा एकसंध ओतला. तेही खरं नावीन्य, पण जोरात ठोकर बसली तर दुरुस्ती अवघड. हालोलला बनणाऱ्या एमजी विंडसर या ईव्हीचं बॅटरी-भाडं (बॅटरी विकत न घेता तिचं भाडं देणं) ही विक्रीतली कल्पना आहे, तंत्रातली नव्हे.

एका चार्जमध्ये कोणती गाडी किती धावते, म्हणजे रेंजवर अडलं तर दोन्ही गाड्या चालवून मोजा. एसी चालू ठेवून बडोद्याहून हालोलला जाऊन परत या, सुमारे ८० किलोमीटर. परतीचा प्रवास हवाच, नाहीतर वारा आणि चढ आकडा बिघडवतात. समजा, ३८ युनिटच्या (किलोवॅट-तासांच्या) बॅटरीतले ३२ टक्के उतरले, तर १२.१६ युनिट खर्च. म्हणजे युनिटला ६.६ किलोमीटर. दोन्ही गाड्यांचा वेग आणि टायरमधली हवा सारखी ठेवा. ब्रोशरमधले एमआयडीसी (भारतीय रेंज-चाचणी) आणि डब्ल्यूएलटीपी (आंतरराष्ट्रीय रेंज-चाचणी) आकडे मात्र समोरासमोर ठेवू नका. चाचण्याच वेगळ्या आहेत.