मचाणावर कॅमेरा हलू नये म्हणून

नागपूरजवळच्या उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यातल्या एका पाणवठ्यावर संध्याकाळी सांबर आलं. चाळीस पावलांवर उभं राहून पोटभर पाणी प्यायलं. मी बावीस फोटो काढले आणि त्यातला एकही धड आला नाही. लेन्स चांगली होती, पण मी तिला नुसत्या हातांनी पेलत होतो.

१९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला चाप लावला. मचाणावरची बंदूक गेली आणि तिथे लांब लेन्स आली. स्थिर राहण्याची रीत मात्र दोन्हींची एकच आहे. एनसीसीत पॉइंट टू टू रायफल चालवताना उस्ताद सांगायचे, वजन हाडांवर द्या, स्नायूंवर नको. स्नायू थकतात आणि थरथरतात.

तयारी घरीच करा. जुन्या जीन्सचा पाय गुडघ्याखाली कापा, एक टोक शिवा, आत दीड-दोन किलो तांदूळ भरा आणि दुसरं टोक दुहेरी टाक्याने बंद करा. पिशवी गच्च भरू नका. थोडी सैल राहिली तरच लेन्स तिच्यात रुतते. शिवण नीट तपासा, जंगलात धान्याचा एक दाणाही सांडता कामा नये. आपल्या मचाणावर कॅमेरा चालतो का, हेही वनखात्याकडे आधीच विचारून घ्या.

शिडी चढताना कॅमेरा हातात घेऊ नका. बॅग पाठीवर ठेवा, दोन्ही हात शिडीला. वर पोचल्यावर पाच मिनिटं नुसतं बसा, पाणी प्या. छाती धडधडत असेल तर तो प्रत्येक ठोका लेन्सपर्यंत पोचतो.

आता बैठक. हे सगळ्यात महत्त्वाचं, आणि इथेच सगळे घाई करतात. पाठ खोडाला किंवा मचाणाच्या खांबाला टेकवा. पाणवठा थेट समोर येईल असं आधी कमरेखालून वळून बसा. नुसतं धड पिळून बसलात तर दहा मिनिटांत अंग आपोआप सरळ व्हायला बघतं आणि चौकट सरकते. कठडा असेल तर त्यावर पिशवी आणि पिशवीवर लेन्स. उघड्या लाकडावर लेन्स टेकवू नका, मचाणावर कोणी जरा हललं तरी धक्का थेट तिच्यात येतो. कठडा नसेल तर गुडघे वर घेऊन कोपरं टेकवा, पण कोपराचं टोक गुडघ्याच्या वाटीवर नको. हाडावर हाड गोटीसारखं घसरतं. कोपराच्या थोडं वर, दंडाचा मागचा मऊ भाग गुडघ्यावर ठेवून बघा, फरक लगेच कळेल.

डावा हात लेन्सखाली, जिथे तिचा तोल साधतो तिथे. कॅमेरा कपाळाला घट्ट. श्वास घ्या, अर्धा सोडा, तिथेच क्षणभर थांबा आणि बटण हळूच दाबत न्या. झटका नको. एका दाबात तीन-चार फोटो घ्या. पहिला बोटाच्या हालचालीने बिघडला, तरी मधला बहुतेक वेळा स्वच्छ येतो.

४०० मिमी लेन्सला शटरचा वेग निदान १/४०० सेकंद हवा, छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्याला १/६००. उजेड उतरला की आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाला संवेदनशीलता, वाढवा. दाणेदार फोटो चालतो, हललेला चालत नाही.

एक गोष्ट मात्र कोणत्याही बैठकीने सुटत नाही. वैशाखातल्या दुपारी तापलेल्या जमिनीवरून हवा लहरत असते आणि दूरचं चितळही पाण्यातल्यासारखं डुलतं. त्या वेळात कॅमेऱ्यावर ओला दुपट्टा टाकू नका, कोरडा टाका, आणि दुर्बिणीने बघत बसा. दुर्बीण धरताना दोन्ही अंगठे गालांच्या हाडांना टेकवा.

बुद्ध पौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून प्राणी मोजतात, त्याआधी दोन-तीन रविवार सकाळी नागपूरच्या गोरेवाडा किंवा अंबाझरी तलावाच्या काठावर जा आणि पंख वाळवत बसलेल्या पाणकावळ्यावर हीच बैठक करून बघा. तो बराच वेळ जागचा हलत नाही. फोटो हललेला दिसला, तर हललो आपणच.