वर्गशिस्तीसाठी पॉइंटचे अ‍ॅप घ्यावे की नाही, हे कसे ठरवावे

मुलांच्या वर्तनाला पॉइंट देणारी अ‍ॅप आता मराठवाड्यातील खेड्यापाड्यांच्या शाळांपर्यंत पोहोचू लागली आहेत. शिक्षण परिषदेत एखादा सहकारी ती मोबाइलवर उघडून दाखवतो आणि वर्गात लोकसहभागातून मिळालेला टीव्ही असला, की आपणही सुरू करावे असे वाटू लागते. अशा वेळी अ‍ॅप चांगले की वाईट, या वादात पडण्यापेक्षा आपल्या वर्गातील सर्वांत मागे पडणाऱ्या मुलावर त्याचा काय परिणाम होईल, हे आधी तपासावे. हुशार आणि शिस्तीची मुले कोणत्याही पद्धतीत निभावून जातात. पद्धतीची खरी परीक्षा होते ती मागच्या मुलापाशी.

या अ‍ॅपचे काम कसे चालते ते प्रथम समजून घ्यावे. 2011 मध्ये अमेरिकेत सुरू झालेले क्लासडोजो हे त्यांपैकी सर्वांत परिचित. त्यात प्रत्येक मुलाच्या नावापुढे एक कार्टून असते. शिक्षकाने नावावर बोट ठेवून वर्तन निवडले, की आवाज होतो, पॉइंट वाढतो किंवा कमी होतो, आणि पालक जोडलेले असतील तर त्यांनाही ते दिसते. म्हणजे अ‍ॅप स्वतः काहीच पाहत नाही. पाहतो शिक्षक, आणि ज्या वर्तनांची यादी त्याने केली आहे तेवढेच मोजले जाते. म्हणूनच अ‍ॅप डाउनलोड करण्यापूर्वी ती यादी कागदावर उतरवणे हे पहिले काम.

यादी करताना ‘वर्गात गोंधळ असतो’ एवढ्यावर थांबू नये. मधल्या सुट्टीनंतर वर्ग स्थिरावायला फार वेळ लागतो, किंवा एकाच खोलीत तिसरी-चौथी बसत असताना तिसरीला शिकवू लागले की चौथी रिकामी राहते, अशी नेमकी अडचण लिहावी. मग प्रत्येक अडचणीपुढे एक प्रश्न टाकावा: मुलाला हे येते पण तो करत नाही, की त्याला हे येतच नाही? पॉइंटचा उपयोग झालाच तर पहिल्या प्रकारात होतो. तांड्यावरून येणाऱ्या, घरी गोरमाटी बोलणाऱ्या पहिलीतल्या मुलीला पाठ्यपुस्तकातील मराठी कळत नसेल आणि म्हणून ती खिडकीबाहेर पाहत असेल, तर ‘लक्ष देणे’ या सदरातला पॉइंट तिला कोणतीही मदत करत नाही. तिला तिच्या भाषेतले चार शब्द बोलणारा शिक्षक हवा असतो.

फायदे खरे आहेत आणि ते प्रामाणिकपणे मांडले पाहिजेत. शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या कलम 17 ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना मनाई केली आहे. छडी गेली, पण तिच्या जागी काय आणायचे याची पुरेशी तयारी अनेक शिक्षकांना मिळाली नाही, आणि चांगल्या वर्तनाची तत्काळ दखल घेण्याची सवय अशी अ‍ॅप लावू शकतात. ‘तुमच्या मुलीने आज नव्या मुलाला वही दिली’ असा निरोप शाळेकडून येणे हेही अनेक पालकांसाठी नवे असते, कारण एरवी शाळेचा फोन बहुधा तक्रारीसाठीच येतो. माझ्या मते सर्वांत मोठा फायदा शिक्षकाला स्वतःकडे पाहता येते हा आहे. आठवड्याची नोंद उघडून कोणाच्या नावापुढे एकही पॉइंट नाही हे पाहिले, की आपली नजर वर्गातल्या कोणत्या कोपऱ्यात जातच नाही हे लक्षात येते.

तोट्यांमध्ये पॉइंट कापणे हा सर्वांत गंभीर. टीव्हीवर सर्वांसमोर नाव, त्यापुढे उणे आकडा आणि मागोमाग येणारा तो आवाज, यांचा अनुभव मुलासाठी कोपऱ्यात उभे करण्यापेक्षा फार वेगळा नसतो. कापण्याची सोय बंद ठेवता येत नसेल आणि एकूण आकडे पडद्यावरून लपवता येत नसतील, तर ते अ‍ॅप घेऊ नये, असे मी स्पष्टपणे सुचवेन.

मराठवाड्याचा म्हणून एक प्रश्न आहे. बीड, जालना, परभणी, धाराशिव या जिल्ह्यांतील अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि हंगाम संपल्यावर परततात. हंगामी वसतिगृहात किंवा नातेवाइकांकडे राहिलेली मुले शाळेत येत राहतात; आईवडिलांबरोबर गेलेली मुले मात्र मार्च-एप्रिलमध्ये परत येतात तेव्हा पडद्यावर इतरांचे शेकडो पॉइंट आणि त्यांचे जुलैतले थोडेसे, असे चित्र दिसते. जे त्या मुलाच्या हातातच नव्हते, त्याचा हा हिशेब ठरतो. त्यामुळे हजेरीला पॉइंट मुळीच देऊ नयेत आणि सर्वांची पाटी दर सोमवारी कोरी करावी.

बक्षिसाने आवड कमी होऊ शकते, हेही ध्यानात ठेवावे. 1973 मध्ये अमेरिकेतील लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी चित्रे काढण्याची मुळातच आवड असलेल्या बालवाडीतील मुलांवर प्रयोग केला. ‘चित्र काढल्यास बक्षीस मिळेल’ असे ज्यांना आधी सांगितले होते, ती मुले नंतर मोकळ्या वेळेत इतरांपेक्षा कमी वेळ चित्रे काढू लागली. तेव्हा जे मुले आपणहून करतात, उदाहरणार्थ गोष्टीची पुस्तके वाचणे, त्याला पॉइंट जोडू नयेत.

अ‍ॅपपूर्वी एक महिना फळ्यावर प्रयोग करावा. 1969 मध्ये कॅन्ससमधील संशोधकांनी चौथीच्या वर्गात दोन गट करून फळ्यावरच्या खुणांनी असा खेळ घेतला होता, आणि जागेवरून उठणे व मध्येच बोलणे त्यामुळे पुष्कळ कमी झाले होते. त्या खेळात नियम मोडल्याच्या खुणा होत. आपण मात्र नियम पाळल्याच्या खुणा कराव्यात आणि ठरलेली संख्या गाठणारा प्रत्येक गट जिंकला असे मानावे. बक्षीस म्हणून मैदानावर दहा मिनिटे अधिक पुरतात. एकाच्या चुकीसाठी गटाला दंड करू नये, कारण त्याचा राग त्या एका मुलावर निघतो. वीज आणि रेंज गेली तरी हा खेळ थांबत नाही.

महिन्याने अडचण कमी झाली असेल आणि नोंदींसाठी किंवा पालकांसाठी अ‍ॅपची खरोखर गरज वाटत असेल, तरच पुढे जावे. मुलांची पूर्ण नावे, छायाचित्रे, जात किंवा आजार यांविषयीची माहिती त्यात भरू नये. हजेरी क्रमांक पुरेसा असतो. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, 2023 अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती मागतो. शाळांना नियमांत काही सवलती असल्या, तरी शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत अ‍ॅप उघडून दाखवावे आणि स्मार्टफोन नसलेल्या पालकांपर्यंत निरोप कसा जाईल हेही तिथेच ठरवावे.

कंपनीवर फार विसंबू नये. वर्गातील वर्तनाला पॉइंट देणारा क्लासक्राफ्ट हा लोकप्रिय खेळ 2023 मध्ये एका मोठ्या प्रकाशन कंपनीने घेतला आणि 2024 मध्ये त्याचे जुने खेळाचे रूप बंद झाले. आपल्या नोंदी वहीतही असाव्यात. पहिल्या सत्राच्या अखेरीस, मुले ऊसतोडीला निघण्यापूर्वी, एक आठवडा पॉइंट पूर्ण बंद ठेवून वर्ग पाहावा. मधल्या सुट्टीनंतर तो पूर्वीइतकाच लवकर स्थिरावला, तर दुसऱ्या सत्रात अ‍ॅप उघडण्याची गरज नाही.