एकाच प्रीकॉम्पच्या प्रतींत वेगवेगळी नावे : माझा अनुभव
एका व्याख्यानमालेसाठी आफ्टर इफेक्ट्स या व्हिडिओ-अ‍ॅनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये वक्त्यांच्या नावपट्ट्या करताना मी तयार प्रीकॉम्पची (म्हणजे दुसऱ्या कॉम्पोझिशनमध्ये लेयर, म्हणजे थर, म्हणून वापरलेल्या कॉम्पोझिशनची किंवा ‘कॉम्प’ची) टाइमलाइनवर कंट्रोल-डी दाबून प्रत काढली. तिच्यात नाव बदलताच पहिल्या पट्टीवरही तेच नाव उमटले. असे होते, कारण टाइमलाइनवर प्रत निघते ती लेयरची, त्यामागचा मूळ कॉम्प मात्र एकच राहतो.

म्हणून मी प्रोजेक्ट पॅनेलमध्ये मूळ कॉम्पची प्रत काढली, टाइमलाइनवरचा दुसरा लेयर निवडला आणि ऑल्ट दाबून नवा कॉम्प त्यावर ओढून सोडला. त्यामुळे स्रोत बदलला, पण लेयरच्या कीफ्रेम (हालचालीसाठी ठरावीक क्षणी नोंदवलेली मूल्ये) आणि इफेक्ट जसेच्या तसे राहिले. आत आणखी एखादा प्रीकॉम्प असेल, तर तो सामाईकच राहतो. त्याचीही प्रत वेगळी काढावी लागते.

पट्ट्या पुष्कळ असतील, तर मला दुसरा मार्ग अधिक पसंत आहे. मूळ कॉम्पमधील मजकुराचे ‘सोर्स टेक्स्ट’ (त्यातली अक्षरे ठरवणारा गुणधर्म) इसेन्शियल ग्राफिक्स पॅनेलमध्ये ओढले, की प्रत्येक प्रतीच्या लेयरखाली ‘इसेन्शियल प्रॉपर्टीज’ हा गट दिसतो आणि नाव तिथेच बदलता येते. २०१८ साली ‘मास्टर प्रॉपर्टीज’ या नावाने आलेल्या या सोयीमुळे पट्टीचा रंग मात्र मूळ कॉम्पमध्ये एकदाच बदलून सगळीकडे उतरवता येतो.