“आय सेंड टुमॉरो” नको: इंग्रजीत शब्द देताना, आशा धरताना, अंदाज बांधताना या चुका टाळा

मराठीत पुढचं बोलायला भविष्यकाळ लागतोच असं नाही. “उद्या पाठवतो” हा वर्तमानकाळ, “आलोच!” हा भूतकाळ, “पाऊस आला तर” हाही भूतकाळच. तरी ऐकणाऱ्याचा गोंधळ होत नाही. हेच काळ उचलून इंग्रजीत ठेवले की मात्र वाक्य बिघडतं. विल-शॅलचे तक्ते तोंडपाठ असलेल्यांकडूनही या चुका होतात, कारण तक्त्यात काळ असतो, बोलणाऱ्याचा हेतू नसतो.

शब्द देताना

फोन वाजतो आणि आपण म्हणतो, “थांबा, मी घेतो.” इंग्रजीत “आय टेक इट” चालत नाही, “आय ॲम टेकिंग इट”ही नाही. त्या क्षणी ठरवलेली गोष्ट, पुढे केलेली मदत आणि दिलेला शब्द या तिन्हींना विल लागतं: “आय विल गेट इट.” बोलताना त्याचं “आय'ल” होतं. मराठीतल्या “मी करतो, मी आणतो, मी सांगतो” या सगळ्यांना हेच लागू. “आय ॲम सेंडिंग इट टुमॉरो” हे वाक्य चूक नाही, पण त्याचा अर्थ उद्या पाठवायचं आधीच ठरलंय असा होतो. समोरच्याने आत्ता विनंती केली असेल तर “आय विल सेंड इट टुमॉरो” हेच उत्तर. आणि “आलोच” म्हणजे “आय ॲम कमिंग”. “आय केम” म्हटलंत तर ऐकणारा तुम्ही कुठे दिसता का ते शोधेल.

ऑफिसच्या मेलमध्ये नेहमी आढळणारी चूक म्हणजे विलच्या जागी वुड. “आय वुड सेंड द रिपोर्ट टुमॉरो”, “द ऑफिस वुड रिमेन क्लोज्ड ऑन मंडे.” वुड जास्त नम्र वाटतं म्हणून ते लिहिलं जातं. “वुड यू सेंड मी द फाइल?” किंवा “आय वुड लाइक टू मीट यू” यांत ते खरंच नम्र आहे. पण साध्या माहितीत किंवा आश्वासनात वुड आलं की वाचणारा पुढच्या “पण”ची वाट बघतो: पाठवला असता, पण काय? दिलेला शब्द तिथेच पातळ होतो. सोमवारी ऑफिस बंद असणार असेल तर “विल रिमेन क्लोज्ड” लिहा.

दुसरी महागात पडणारी चूक “पर्यंत”ची. मराठीत “शुक्रवारपर्यंत पाठवतो” आणि “शुक्रवारपर्यंत पुण्यात आहे” यांत शब्द एकच, पण इंग्रजीत दोन. एकदाच होणाऱ्या कामाच्या मुदतीला बाय: “आय विल सेंड इट बाय फ्रायडे.” सलग चालू राहणाऱ्या गोष्टीला टिल: “आय विल बी इन पुणे टिल फ्रायडे.” “आय विल सेंड इट टिल फ्रायडे” म्हणजे शुक्रवार उजाडेपर्यंत पाठवतच राहणार! तसंच “दोन दिवसांत”चं. “इन टू डेज” म्हणजे साधारण दोन दिवसांनी. दोन दिवसांच्या आत द्यायचं असेल तर “विदिन टू डेज”. ग्राहकाला तारीख देताना हा फरक सांभाळावाच लागतो.

प्रॉमिस हे क्रियापद वापरायचंच असेल तर त्याची घडण पक्की आहे. नमुना खिशातच असतो: रिझर्व्ह बँकेच्या नोटेवर “आय प्रॉमिस टू पे द बेअरर” असं छापलेलं असतं. वचन देणारा आणि काम करणारा एकच असेल तर असं टू. काम दुसरा करणार असेल तर पूर्ण वाक्य: “आय प्रॉमिस दॅट द पार्सल विल रीच यू बाय मंडे.” ज्याला वचन देतो तो माणूस प्रॉमिसनंतर लगेच येतो, मध्ये टू नाही: “आय प्रॉमिस यू”, “आय प्रॉमिस टू यू” नाही. नकार कुठे बसतो तेही बघा. “आय प्रॉमिस नॉट टू टेल एनीवन” म्हणजे कुणाला न सांगण्याचं वचन. “आय डोन्ट प्रॉमिस” म्हणजे वचनच देत नाही. एरवी कामाच्या पत्रात प्रॉमिस जरा बालिशच वाटतं; साधं विल पुरतं.

शॅलबद्दल थोडक्यात. आय आणि वी सोबत शॅल, बाकीच्यांसोबत विल, आणि निर्धार किंवा वचन असेल तर उलट, हा नियम इंग्रज गणितज्ञ जॉन वॉलिस यांच्या 1653 च्या इंग्रजी व्याकरणापर्यंत मागे जातो. आजच्या बोलण्यात तो पाळत बसू नका. शॅल मुख्यतः दोन ठिकाणी उरलंय: “शॅल आय ओपन द विंडो?” अशा विचारणेत आणि करार-नियमांच्या भाषेत.

“पोचलो की”, “आला तर”

“व्हेन आय विल रीच, आय विल कॉल” ही चूक भारतभर ऐकू येते. व्हेन, इफ, आफ्टर, बिफोर, अनटिल, ॲज सून ॲज यांनी सुरू होणाऱ्या वेळेच्या आणि अटीच्या भागात विल नको, साधा वर्तमानकाळ हवा: “आय विल कॉल यू व्हेन आय गेट देअर.” (रीचला पुढे ठिकाण लागतं, म्हणून इथे गेट देअर.)

मराठी माणसाचा खास घोटाळा मात्र वेगळा आहे. “तू आलास तर मी येईन” यातला भूतकाळ तसाच नेऊन “इफ यू केम, आय विल कम” असं होतं. इंग्रजीत “इफ यू केम” ऐकलं की समोरच्याला वाटतं, मी येण्याची शक्यता हा धरतच नाहीये. खरी अट असेल तर “इफ यू कम, आय विल कम टू.” आणि “मी येत नाही तोवर थांब” यातला “नाही” इंग्रजीत गळतो: “वेट अनटिल आय कम.” तिथे “डोन्ट” घातलं की वाक्य उलटतं.

आशा धरताना

होपनंतर वर्तमानकाळ आणि विल दोन्ही चालतात: “आय होप यू पास”, “आय होप यू विल पास.” न चालणारं म्हणजे “आय होप यू टू पास.” टू फक्त स्वतःच्या कामाला: “आय होप टू पास.” एक्स्पेक्टला मात्र “यू टू” चालतं, पण त्यात आशा नसते, अपेक्षा असते. “आय एक्स्पेक्ट यू टू रिप्लाय बाय फाइव्ह” हा जवळजवळ हुकूम आहे. साहेबांना लिहिताना जपून.

नकाराची जागा इथे फसवते. “पाऊस पडू नये अशी आशा आहे” म्हणजे “आय होप इट डझन्ट रेन.” थिंकला नेमकं उलट: “आय डोन्ट थिंक इट विल रेन.” छोट्या उत्तरात “आय होप नॉट”, पण “आय डोन्ट थिंक सो.”

विशमुळे तर अर्थच फिरतो. “आय विश आय कुड कम” म्हणजे येणं जमणार नाही. शुभेच्छा द्यायच्या तर विशनंतर फक्त नाम: “आय विश यू सक्सेस.” “आय विश यू विल पास” चूक, तिथे होप. पत्राच्या शेवटी “लुकिंग फॉरवर्ड टू हिअर” नाही, “टू हिअरिंग फ्रॉम यू.”

अंदाज बांधताना

ढग दाटून आलेत, पुरावा डोळ्यांपुढे आहे: “इट इज गोइंग टू रेन.” नुसतं मत असेल तर विल, बहुतेक वेळा थिंक किंवा प्रॉबॅब्लीसोबत. प्रॉबॅब्ली विलनंतर येतं (“विल प्रॉबॅब्ली कम”), पण वोन्टच्या आधी (“प्रॉबॅब्ली वोन्ट कम”). “विल मे कम” कधीच नाही, दोन्हींपैकी एकच घ्या.

“तो उद्या नक्की येणार” याचं “ही मस्ट कम टुमॉरो” करू नका. ती सक्ती झाली. “ही विल डेफिनेटली कम” म्हणा. मस्टचा तर्क आत्ताच्या किंवा झालेल्या गोष्टीला चालतो: “घरी असणार” म्हणजे “ही मस्ट बी ॲट होम.” “एव्हाना पोचला असेल” म्हणजे “ही विल हॅव अराइव्ह्ड बाय नाऊ”, खात्री कमी असेल तर विलऐवजी माइट.

नकार देतानाही जपा. “आय वोन्ट कम” यात “येणारच नाही” असा हट्ट ऐकू येऊ शकतो. जमणार नाही एवढंच सांगायचं असेल तर “आय वोन्ट बी एबल टू कम.” बोलताना वोन्टमधला “ओ” लांब ठेवा. तो आखडला की वाँट ऐकू येतं, आणि न येणाऱ्या माणसासाठी खुर्ची राखून ठेवली जाते.