जुन्या पॉप सिंगल्स: मेळ्यातील खोक्यांतून निवड कशी करावी

रेकॉर्ड फेअरला, म्हणजे जुन्या तबकड्यांच्या मेळ्याला, पहिल्यांदा जाणारा माणूस बहुधा गाण्यांची लांबलचक यादी घेऊन जातो आणि संध्याकाळी ओरखडलेल्या तबकड्यांची पिशवी घेऊन परततो. दोष यादीचा नसतो. सात इंची सिंगल, म्हणजे दोन्ही बाजूंना बहुधा एकेकच गाणे असलेली छोटी तबकडी, मुळात जपून ठेवण्यासाठी विकली जातच नव्हती. ती स्वस्त होती, शाळा-कॉलेजातल्या मुलांच्या हाती होती, पार्ट्यांमध्ये ऑटोचेंजरवर (तबकड्या आपोआप बदलणाऱ्या प्लेअरवर) एकीवर एक आदळत होती आणि गाणे शिळे झाले की कव्हराविना कपाटात जाऊन पडत होती. त्यामुळे चांगल्या अवस्थेतील सिंगल सापडणे हे त्याच काळातील चांगली एलपी (अनेक गाण्यांची मोठी तबकडी) सापडण्यापेक्षा अवघड जाते, आणि मेळ्यात गाण्यांच्या माहितीपेक्षा हातातली तबकडी अर्ध्या मिनिटात वाचण्याची सवय अधिक उपयोगी पडते.

तरीही क्षेत्र ठरवून जाणे बरे. अमेरिकेत आरसीए व्हिक्टर या कंपनीने १९४९ मध्ये आणि ब्रिटनमध्ये ईएमआय या कंपनीने १९५२ मध्ये मिनिटाला ४५ फेऱ्यांच्या सिंगल्स आणल्या. त्यानंतरच्या काही दशकांत इतक्या निघाल्या की 'साठच्या दशकातील पॉप' एवढीच मर्यादा घातली तर ती न घातल्यासारखीच आहे. एखाद्या लेबलच्या, म्हणजे तबकड्या काढणाऱ्या छापाच्या, क्रमांकांमागे जाणे ही मला सर्वांत शहाणपणाची पद्धत वाटते. उदाहरणार्थ, ब्रिटनमधील टॅमला मोटाउन हे लेबल मार्च १९६५ मध्ये टीएमजी ५०१ या क्रमांकापासून सुरू झाले, आणि तेथून पुढे एकेक क्रमांक भरत गेल्यास गाजलेल्या गाण्यांबरोबर पडलेलीही हाती येतात. खरी दुर्मीळता पडलेल्या गाण्यांतच असते, कारण खपाच्या यादीत पहिले आलेले गाणे लाखोंच्या संख्येने खपलेले असते आणि जवळजवळ प्रत्येक खोक्यात त्याची एक तरी प्रत असते. दुसऱ्या बाजूकडेही दुर्लक्ष करू नये. कित्येक बी-साइड कोणत्याही एलपीवर कधी आल्याच नाहीत.

आता तपासणी. सभागृहातील पसरट, मंद प्रकाशात बहुतेक तबकड्या चकचकीत दिसतात, म्हणून खिशात छोटी टॉर्च असावी आणि तिचा प्रकाश वरून सरळ न टाकता तिरपा टाकावा. तबकडी कडेने आणि मधल्या गोल कागदी लेबलवर बोट टेकवून धरावी, हळूहळू फिरवावी आणि प्रथम चरे पाहावेत. डोळ्यांना दिसणारी पण नखाला न जाणवणारी बारीक रेघ बहुधा ऐकू येत नाही. नखाला अडणारी रेघ मात्र प्रत्येक फेरीला टक्‌ असा आवाज करते. चऱ्यांपेक्षा फसवी गोष्ट म्हणजे झीज. जड सुईवर शेकडो वेळा वाजलेल्या तबकडीवर एकही चरा नसू शकतो, परंतु सुई ज्यांतून फिरते त्या खाचांची चमक गेलेली असते, त्यांवर राखाडी झाक आलेली असते आणि ती लेबलकडे जाताना वाढलेली दिसते, कारण आतल्या खाचांमध्ये आवाज आधीच दाटीने कोरलेला असतो. मी सुरुवातीच्या काळात अशीच एक 'स्वच्छ' प्रत आनंदाने घेतली होती. घरी तिच्यातील गायिका प्रत्येक वरच्या सुराला फुटत होती. शेवटी तबकडी डोळ्यांच्या रेषेत आडवी धरून ती वाकलेली नाही ना, हे पाहावे.

अमेरिकन सिंगल्सच्या बाबतीत आणखी एक प्रश्न येतो, तो म्हणजे ती व्हायनिलची आहे की पॉलिस्टायरीनची. अनेक अमेरिकन कंपन्या साच्यात पॉलिस्टायरीन भरून सिंगल्स काढत. ही तबकडी ताठ असते, टिचकी मारल्यावर तिचा आवाज अधिक टणक येतो आणि तिचे लेबल तबकडीबरोबरच दाबलेले नसून वरून चिकटवलेले किंवा छापलेले असते. ती फार लवकर झिजते. रेडिओ केंद्रांवरून आलेल्या प्रतींमध्ये तर गाण्याच्या अगदी सुरुवातीला खरखर असते, कारण निवेदक सुरुवात जुळवताना तबकडी सुईखाली मागे-पुढे फिरवीत असत. पॉलिस्टायरीनची प्रत शक्यतो ऐकूनच घ्यावी. काही विक्रेते त्यासाठी बॅटरीवर चालणारा छोटा प्लेअर ठेवतात आणि विचारल्यास वाजवूनही दाखवतात.

अवस्था पटली की प्रत कोणती आहे ते पाहावे. नुसत्या लेबलच्या रंगावर विसंबू नये. बीटल्सच्या 'लव्ह मी डू'ची १९६२ मधील पार्लोफोन या छापाची पहिली प्रत लाल लेबलची होती आणि १९६३ पासून लेबल काळे झाले, हे पुष्कळांना ठाऊक असते. पण २०१२ मध्ये पन्नाशीनिमित्त काढलेल्या प्रतीवरही लाल लेबल होते, आणि तिच्यात गाण्याचे चुकीचे ध्वनिमुद्रण गेल्यामुळे ती परत मागवावी लागली. खरी ओळख खाचा संपल्यानंतर लेबलभोवती उरणाऱ्या कोऱ्या पट्टीत असते. तेथे मॅट्रिक्स क्रमांक, म्हणजे तबकडीच्या त्या बाजूची ओळख सांगणारा क्रमांक, असतो. ईएमआयच्या जुन्या ब्रिटिश प्रतींवर हा क्रमांक घड्याळातील सहाच्या जागी धरला, तर तीनच्या जागी स्टँपरची (तबकडी दाबणाऱ्या साच्याची) अक्षरे दिसतात. जी, आर, ए, एम, ओ, पी, एच, एल, टी ही अक्षरे म्हणजे अनुक्रमे १ ते ९ आणि डी म्हणजे शून्य. अक्षर एकच असेल तर प्रत सुरुवातीच्या साच्यांतील असण्याची शक्यता वाढते.

बनावट प्रतीही येथेच पकडता येते. सेक्स पिस्टल्स या ब्रिटिश पंक बँडची ए अँड एम कंपनीने १९७७ मध्ये साच्यातून काढलेली आणि करार मोडल्यावर बहुतांशी नष्ट केलेली सिंगल अनेक वेळा नकलली गेली आहे. लेबलवरील बारीक अक्षरे भिंगाखाली फुटलेली दिसली, किंवा जेथे क्रमांक यंत्राने ठोकलेला असायला हवा तेथे तो हाताने खरडलेला आढळला, तर तबकडी नम्रपणे परत ठेवावी.

ब्रिटिश सिंगलचे मधले भोक लहान असते. ज्यूकबॉक्ससाठी मधला भाग काढून टाकलेली प्रत वाजते उत्तम, पण संग्राहकाला कमी प्रिय असते. अमेरिकन सिंगलचे भोक मुळातच मोठे असल्याने तिला हा नियम लागू नाही. कव्हरबाबतही काळाचे भान ठेवावे. साठच्या दशकातील ब्रिटिश सिंगल बहुधा कंपनीच्या साध्या कागदी कव्हरातच विकली जाई, म्हणून चित्र नाही याचा अर्थ काही हरवले आहे असा होत नाही.

विक्रेत्याने लिहिलेली श्रेणी वाचताना भाषा समजून घ्यावी. 'गुड' म्हणजे चांगली नव्हे. बहुतेक वेळा ती कशीबशी वाजणारी असते. ब्रिटिश विक्रेत्याची 'एक्सलंट' आणि अमेरिकन विक्रेत्याची 'व्हीजी प्लस' (व्हेरी गुड प्लस) साधारण एकाच पातळीवर येतात.

सकाळी लवकर गेल्यास निवड अधिक मिळते आणि शेवटच्या तासात भाव अधिक सुटतो. दोन्ही साधता येत नाही. वर्णानुक्रमे लावलेली खोकी विक्रेत्याने स्वतः बारकाईने पाहिलेली असतात, तेव्हा टेबलाखालची न लावलेली खोकी गुडघे टेकून चाळण्याची तयारी ठेवावी. एकेका तबकडीवर घासाघीस करण्यापेक्षा पाच-सहा बाजूला काढून सर्वांचा मिळून भाव विचारावा. भिंतीवर टांगलेल्या महागड्या प्रतीला विचारल्याशिवाय हात लावू नये.

घरी आणल्यावर ऊर्ध्वपातित पाण्यात सौम्य साबणाचा एखादा थेंब घालून, लेबल कोरडे ठेवून, खाचांच्या दिशेने मऊ कापडाने पुसावे आणि नव्या कागदी कव्हरात घालून उभी ठेवावी. मूळ कव्हर फाटके असले तरी फेकू नये. पीव्हीसीची पारदर्शक कव्हरे मात्र टाळावीत, कारण त्यांतील मऊपणा देणारे द्रव्य काही वर्षांत बाहेर येऊन तबकडीवर ढगाळ डाग सोडते, आणि तो डाग धुण्याने जात नाही.