जुन्या बार्जचं तरंगतं हॉटेल करताना

बार्ज म्हणजे माल वाहणारी सपाट तळाची नौका. खान्देशात तिच्या तरंगत्या हॉटेलसाठी जागा बघावी ती नर्मदेवर, धडगाव-अक्कलकुव्याकडच्या सरदार सरोवराच्या फुगवट्यात. तापीवर प्रकाशा, सारंगखेड्याला बॅरेज, म्हणजे दरवाज्यांचे बंधारे आहेत, पण पुरात दरवाजे उघडले की पाण्याला जबर ओढ लागते. पाहुण्यांसकट बार्ज तिथे ठेवू नये.

समुद्राकडची बार्ज धरणाची भिंत ओलांडून वर येत नाही. ती कापून ट्रेलरने सातपुड्याच्या घाटातून आणायची आणि काठावर जोडायची. एवढा खर्च सडक्या पत्र्यावर होऊ नये, म्हणून खरेदीआधीच पत्र्याची जाडी मोजणारं अल्ट्रासॉनिक गेज लावा. मूळ 8 मिलिमीटरचा पत्रा 6 च्या खाली गेला असेल तर तेवढा भाग कापून नवा बसवा. वरून ठिगळ नको, दोन पत्र्यांमध्ये ओल अडकून गंज आतून वाढतो. बंद कप्प्यात लगेच उतरू नका: गंज हवेतला ऑक्सिजन खातो आणि माणूस क्षणात कोसळतो. झाकणं उघडून ब्लोअर चालवा, मीटरवर ऑक्सिजन 20.9 टक्के दिसल्यावरच आत जा.

खरी गोम वजनाची आहे. 30 बाय 8 मीटरची चौकोनी बार्ज 2.4 टनांना जेमतेम 1 सेंटिमीटर पाण्यात खाली बसते, त्यामुळे बुडण्यापेक्षा कलंडण्याची भीती मोठी. माल तळाशी असायचा, खोल्या आणि माणसं मात्र वर येतात. गच्चीवर टाकी ठेवायची सवय इथे सोडा. 5,000 लिटर म्हणजे 5 टन, ते तळातच हवेत. टाकीत लांबीच्या दिशेने मधोमध आडभिंत घातली तर अर्धवट भरलेल्या पाण्याच्या हेलकाव्याचा परिणाम चौथाईवर येतो. मजला चढवण्याआधी नौका-अभियंत्याकडून नकाशे करून घ्या आणि ते महाराष्ट्र मेरिटाइम बोर्डाकडे न्या. अशा नौकांना लागू असलेला देशांतर्गत जलयान कायदा 2021 चा आहे. बांधून झाल्यावर कलंडण्याची चाचणीही करा, म्हणजे ठरावीक वजन बाजूला सरकवून बार्ज किती झुकते ते मोजा.

सिलिंडर उघड्या डेकवर ठेवा. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला की तळात साचतो. उन्हाळ्यासाठी 50 मिलिमीटर रॉकवूल (उष्णता अडवणारी दगडी लोकर) पत्र्याला घट्ट चिकटवा आणि वर पांढरं दुहेरी छप्पर घाला. सांडपाणी टाकीत साठवून काठावर उपसा, नदीत थेंबही नको.

सरोवराची पूर्ण पातळी 138.68 मीटर, किमान 110.64. काठाचा उतार 1 ला 5 असेल तर एवढ्या फरकात पाणी 140 मीटर मागे सरकतं. त्यामुळे काँक्रीटचा रॅम्प कोरडा पडतो. तरंगत्या तुकड्यांची जेटी करा आणि बार्ज चार नांगरांवर ठेवा. काठावरच्या झाडाला आखूड दोर बांधला आणि रात्रीत पाणी उतरलं, तर बार्ज एका कुशीने खडकावर बसते. पातळी रोज लिहून दोर त्याप्रमाणे सोडा किंवा ओढा.